‘सत्या’चा पुढचा भाग आणि दिग्दर्शकाला अडवणारी माणसे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. 17 जानेवारी 2025 रोजी दिग्दर्शक राम गोपाल वर्मांचा, मुंबईच्या गुन्हेगारी जगतावरचा 1998 चा ‘सत्या’ पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हापासून त्यांच्या चाहत्यांमध्ये दोन तट पडले आहेत. वर्मांनी आता तरी ‘सत्या’चा खराखुरा पुढचा भाग करावा, कारण ते जग त्यांच्याइतके कोणालाच कळलेले नाही, असे एका तटाचे म्हणणे आहे. गेल्या पंधरा वर्षांतले त्यांचे काम पाहता त्यांनी त्या नावाला पुन्हा हात लावू नये, असे दुसऱ्याचे म्हणणे आहे. यातले कोणाचे ग्राह्य धरावे, आणि एकाच दिग्दर्शकाच्या हातून ‘सत्या’ही होतो आणि ‘शोले’ची फसलेली नवी आवृत्ती ‘आग’ही होते याची कारणमीमांसा कशी करावी, हे चित्रपटांचे संकलन करणाऱ्याने सांगावे अशी अपेक्षा आहे. मी मुंबईत हिंदी आणि मराठी चित्रपटांचे संकलन करीत आलो आहे आणि काही पुढच्या भागांची कात्रीही माझ्या हाती आलेली आहे. त्या अनुभवातून पडद्यावर जे दिसते त्याविषयीच बोलतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. व्यक्तिरेखांच्या अंगाने ‘सत्या’चा पुढचा भाग होऊ शकत नाही. मुंबईच्या अंगाने होऊ शकतो, आणि तसा तो 2002 मध्ये एकदा होऊनही गेला आहे. यापुढे तो व्हायचा असेल, तर वर्मांची प्रतिभा शिल्लक आहे का हा प्रश्न दुय्यम आहे. त्यांच्या भोवती त्यांना अडवू शकणारी माणसे आहेत का, हा खरा प्रश्न आहे.

‘सत्या’चे बीज कसे पडले ते वर्मांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. 12 ऑगस्ट 1997 रोजी अंधेरीत गुलशन कुमार यांची हत्या झाली. ती बातमी आली तेव्हा वर्मा निर्माते झामू सुगंध यांच्या कार्यालयात बसले होते. गुलशन कुमार त्या दिवशी किती वाजता उठले, कोणाला भेटणार होते, याचा तपशील निर्माते सांगत असताना वर्मांच्या मनात आले की मारणारा त्या दिवशी किती वाजता उठला असेल, त्याने न्याहारी खुनाआधी केली असेल की नंतर. पुढे जे काही झाले ते या एवढ्याशा कुतूहलातून झाले. गुन्हेगारी जगताची रचना, तिचे राजकारण, तिचा पैसा हे सगळे चित्रपटात आहे. परंतु ते टोळीचा म्होरक्या भिकू म्हात्रे याच्या घरातल्या भांडणातून, खोलीच्या चावीतून, तबेल्यात मागितल्या जाणाऱ्या हप्त्यातून आत येते. चित्रपटाच्या पोताचा विचार करताना ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण पुढच्या भागाच्या बहुतेक कल्पना याच्या नेमक्या उलट टोकापासून सुरू होतात.

आता व्यक्तिरेखांचे पाहू. भिकूला त्याच्याच टोळीचा आधार असलेला पुढारी भाऊ ठाकूरदास झावळे निवडणूक जिंकल्यावर गोळी घालतो. गणेश विसर्जनाच्या गर्दीत भिकूचा साथीदार सत्या भाऊला संपवतो. आणि सत्या स्वतः त्याची प्रेयसी विद्या हिच्या दारात पोलिसांच्या गोळ्यांनी मरतो. पोलीस आयुक्त आमोद शुक्लाही त्याआधीच मारला गेलेला असतो. मागे राहतात त्या विद्या आणि भिकूची बायको प्यारी, म्हणजे ज्यांना कथेच्या हिंसेत वाटा नव्हता आणि तिची किंमत मात्र मोजावी लागली अशा दोन स्त्रिया, आणि पोलीस निरीक्षक खांडीलकर. अनेक चाहते भिकूच्या तरुणपणावर, म्हणजे आधीच्या काळावर चित्रपट हवा असे सुचवतात. मला ते पटत नाही. सत्या कोठून आला, त्याचे आई-वडील कोण, त्याला माणसाच्या जिवाची फिकीर का नाही, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही आणि हे न सांगणे हेच त्या पात्राचे बळ आहे. भिकूचेही तसेच. त्याचा भूतकाळ प्रेक्षकाने मनोज बाजपेयी यांच्या हसण्यातून आणि अकस्मात भडकण्यातून ताडलेला आहे. तो दोन तासांत उलगडून दाखवला की पहिल्या चित्रपटातले ते हसणे खुलासा झालेल्या कोड्यासारखे होईल. जाता जाता एक मराठी कुरकूर नोंदवतो: म्हात्रे हे आडनाव रायगड-ठाणे पट्ट्यातल्या आगरी-कोळी मंडळींचे, आणि भिकूची बोली त्या वळणाची मुळीच नाही. तरीही मराठी प्रेक्षकाने त्याला आपला मानला, याचे श्रेय त्या नटाच्या देहबोलीला आहे. आधीच्या काळावरच्या चित्रपटात वीस-बावीस वर्षांचा दुसरा नट घ्यावा लागेल आणि मग हा आडनावाचा नि बोलीचा सांधा उघडा पडेल.

राहतो तो शहराचा मार्ग. हा मार्ग वर्मांनी ‘कंपनी’मध्ये स्वीकारला होता. एप्रिल 2002 मध्ये आलेल्या त्या चित्रपटात ‘सत्या’तले एकही पात्र नाही, नाव वेगळे, लेखक वेगळा (जयदीप साहनी), छायालेखक वेगळा (हेमंत चतुर्वेदी), आणि कथा मुंबईच्या गल्ल्यांतून उठून परदेशी जाते. ‘सत्या’ने जे विचारले नव्हते ते ‘कंपनी’ विचारते: हा धंदा व्यवसाय म्हणून कसा चालतो, नफा कसा वाटला जातो, दोन भागीदारांत फूट कशी पडते. मोहनलाल यांनी रंगवलेला पोलीस अधिकारी खांडीलकरापेक्षा वेगळ्याच थंडपणे वागतो. पहिल्या चित्रपटाचा उष्ण, घामट, पावसाळी स्पर्श जाऊन तेथे हिशेबी गारवा येतो. माझ्या मते पुढचा भाग म्हणतात तो हाच. 2005 मध्ये वर्मांनी निर्माण केलेला आणि विश्राम सावंत यांनी दिग्दर्शित केलेला ‘डी’ याच मालिकेत मोजला जातो. तो आधीच्या दोहोंच्या तोडीचा नाही, पण दिशा तीच आहे.

याउलट 8 नोव्हेंबर 2013 रोजी आलेला ‘सत्या 2’ पाहा. त्याची कल्पना कागदावर वाईट नव्हती. जुन्या टोळ्या संपल्या, चकमकींनी आणि 1999 च्या मोक्का कायद्याने त्यांचे कंबरडे मोडले. आता एक हुशार तरुण बाहेरून येतो आणि डोके वापरून नव्या धर्तीची संघटना उभी करतो. हिंदीत पुनीत सिंग रत्न आणि तेलुगूत शर्वानंद यांनी तो नायक केला. परंतु पडद्यावर घडते काय, तर ही संघटना किती भयंकर आहे हे पात्रे एकमेकांना सांगत राहतात. कोणाच्या घरी गॅस संपलेला नाही, कोणाची बायको माहेरी जाण्याची धमकी देत नाही, कोणी पैसे मोजताना चुकत नाही. नाव ‘सत्या’चे आणि आवाज घोषणेचा. ज्या चाहत्यांना आज ‘सत्या’चा पुढचा भाग हवा आहे त्यांच्यापैकी पुष्कळांना हा चित्रपट येऊन गेल्याचे आठवतही नाही.

येथे कारकिर्दीच्या चढउताराकडे वळावे लागते. वर्मा एके काळी वर होते आणि मग घसरले, अशी सरळ रेषा चाहते काढतात. ती तशी नाही. विजयवाड्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून स्थापत्य अभियंता होऊन बाहेर पडलेला आणि हैदराबादेत व्हिडिओ कॅसेटचे दुकान चालवणारा हा माणूस 1989 मध्ये नागार्जुन यांना घेऊन ‘शिवा’ करतो आणि तेलुगू चित्रपटातली हाणामारी, आवाज आणि कॅमेऱ्याची चाल एका फटक्यात बदलून टाकतो. 1995 मध्ये ‘रंगीला’ येतो, तो ए. आर. रहमान यांनी मूळ हिंदीसाठी संगीत दिलेला पहिला चित्रपट. मग 1997 मध्ये ‘दौड’ आपटतो. म्हणजे ‘सत्या’ हा यशाच्या लाटेवर आलेला नाही, तो एका सणसणीत अपयशानंतर दहा-अकरा महिन्यांत आलेला आहे. ‘दौड’मधल्या एका लहान भूमिकेच्या निमित्तानेच वर्मांना बाजपेयी सापडले. पुढेही ‘कंपनी’ आणि ‘भूत’ यांच्यानंतर ‘नाच’ पडतो, त्यानंतरच्या वर्षी ‘सरकार’ उभा राहतो, 2007 मध्ये ‘निःशब्द’ आणि ‘आग’ दोन्ही कोसळतात, 2008 मध्ये ‘सरकार राज’ बरा निघतो, आणि 2010 मध्ये ‘रक्तचरित्र’मध्ये जुन्या वर्मांची चुणूक पुन्हा दिसते. चढउतार हा त्यांचा स्वभावच होता. खरा फरक 2010 नंतर पडतो, तो असा की उतारानंतरचा चढ यायचा थांबतो.

तो का थांबला याची उत्तरे अहंकार, मद्य, संगत अशी दिली जातात. पुनर्प्रदर्शनाच्या वेळी वर्मांनी स्वतःच समाजमाध्यमावर एक कबुली लिहिली. ‘सत्या’ इतक्या वर्षांनी पुन्हा पाहताना आपल्याला रडू आले आणि यशाने आपण आंधळे झालो होतो असा तिचा आशय होता. ती प्रांजळ असेल, नव्हे आहेच; परंतु दिग्दर्शकाच्या मनःस्थितीवरून त्याच्या चित्रपटांचा हिशेब लावणे मला अपुरे वाटते. अहंकारी दिग्दर्शकांनी उत्तम चित्रपट केल्याची उदाहरणे कमी नाहीत. मी श्रेयनामावली वाचतो.

‘सत्या’ची श्रेयनामावली अशी आहे. लेखन सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांचे. पैकी शुक्ला रंगभूमीवर मुरलेले आणि कश्यप पंचविशीतले, अंगात रग असलेले. छायालेखन जेरार्ड हूपर या अमेरिकन माणसाने सुरू केले आणि मझहर कामरान यांनी पुढे नेले. संगीत विशाल भारद्वाज, गीते गुलजार, पार्श्वसंगीत संदीप चौटा, ध्वनी एच. श्रीधर. संकलन अपूर्व असरानी आणि भानोदय यांचे, आणि असरानी तेव्हा वयाच्या विशीच्या उंबरठ्यावर होते. पडद्यावर बाजपेयी, शुक्ला, गोविंद नामदेव, मकरंद देशपांडे, आदित्य श्रीवास्तव, शेफाली शहा, संजय मिश्रा: जवळजवळ सगळे नाटकातून आलेले. अशा माणसांची एक खोड असते. संवाद हातात दिला की ती विचारतात, हा माणूस हे आत्ता का बोलतो? त्याचे समाधान झाले नाही तर ती तालमीत दुसरे काहीतरी करून दाखवतात. दिग्दर्शकाला याचा ताप होतो आणि चित्रपटाला फायदा. बाजपेयी यांना या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि फिल्मफेअरचे संकलन, ध्वनी व पार्श्वसंगीत यांचे पुरस्कारही या चित्रपटाकडे गेले. ज्या खात्यांना प्रेक्षक नावाने ओळखत नाही त्या खात्यांना हे पुरस्कार मिळाले, हे ध्यानात घ्यावे.

या माणसांचे पुढे काय झाले? याचे उत्तर 2007 या एका वर्षात मिळते. त्या वर्षी फेब्रुवारीत अनुराग कश्यप यांचा, बरीच वर्षे अडकून पडलेला ‘ब्लॅक फ्रायडे’ प्रदर्शित झाला. 10 ऑगस्टला ‘चक दे इंडिया’ आला. त्याचे दिग्दर्शक शिमित अमीन, ज्यांचा पहिला चित्रपट ‘अब तक छप्पन’ वर्मांनी निर्माण केला होता, आणि लेखक जयदीप साहनी, ज्यांनी ‘कंपनी’ लिहिला होता. 28 सप्टेंबरला श्रीराम राघवन यांचा ‘जॉनी गद्दार’ आला. त्यांनाही पहिली संधी ‘एक हसीना थी’मध्ये वर्मांनीच दिली होती. आणि या दोहोंच्या मधे, 31 ऑगस्टला, खुद्द वर्मांची ‘आग’ आली. एकाच माणसाने पारखलेले चार जण त्या वर्षी हिंदी चित्रपटाला पुढे नेत होते, आणि पारखणारा ‘शोले’ पुन्हा चित्रित करीत होता. मला यात कोणाचा उपहास करायचा नाही. माणसे ओळखण्याची वर्मांची नजर असामान्य होती, हेच यातून सिद्ध होते; तशी ती त्यांच्या पिढीतल्या दुसऱ्या कोणा हिंदी दिग्दर्शकाकडे मला दिसत नाही. परंतु ओळखलेली माणसे मोठी झाली की आपल्या वाटेने जातात, हा या धंद्याचा नियम आहे. त्यांच्या जागी तितक्याच हट्टी नव्या माणसांना आणून बसवण्याचे काम केव्हातरी थांबले.

ते थांबण्याला व्यवहाराचे कारणही आहे. 1998 मध्ये केंद्र सरकारने चित्रपटव्यवसायाला उद्योगाचा दर्जा दिला आणि पुढच्या काही वर्षांत संस्थांचा व कंपन्यांचा पैसा रीतसर येऊ लागला. वर्मांची ‘फॅक्टरी’ ही चित्रपटनिर्मिती संस्था या काळात के सेरा सेरा या कंपनीबरोबर एकामागून एक चित्रपट काढत होती. एका वेळी तीन-चार चित्रपट चालवायचे म्हटले की लेखकाला सहा महिने देणे परवडत नाही. नायक-नायिका, स्थळ, प्रदर्शनाची तारीख आधी ठरते आणि कथा त्या चौकटीत भरली जाते. नावेही मग जुनीच पुन्हा वापरली जातात: 2006 मध्ये दुसरा ‘शिवा’, 2012 मध्ये ‘भूत रिटर्न्स’, 2013 मध्ये ‘सत्या 2’, 2017 मध्ये ‘सरकार 3’. चाहते आज जो पुढचा भाग मागत आहेत तो मागण्याआधी ही यादी एकदा डोळ्यांखालून घालावी. पुढचा भाग करण्याची हौस वर्मांना कधीच कमी नव्हती.

आता माझ्या कामाच्या बाजूने थोडे विस्ताराने सांगतो, कारण वर्मांच्या उतरणीचा सगळ्यात स्पष्ट पुरावा मला तेथेच दिसतो. ‘सत्या’मध्ये कॅमेरा बहुतांश वेळ माणसाच्या नजरेच्या उंचीवर आणि माणसाच्या अंतरावर आहे. खोलीत चार माणसे बसली असतील तर आपण पाचवे म्हणून बसलेलो असतो. या साधेपणामुळे संकलकाच्या हाती एक मोठी गोष्ट शिल्लक राहते, ती म्हणजे जोर. भिकूच्या मृत्यूचा प्रसंग आठवा. त्याआधी संगीताने वातावरण तापवलेले नाही, झावळेच्या चेहऱ्यावर कॅमेरा सूचक रेंगाळत नाही, विजयाचा माहोल आहे, हसणे चालू आहे आणि गोळी सुटते. प्रेक्षकाला धक्का बसतो, कारण आदल्या तासाभरात त्याच्यावर कोठेही विनाकारण जोर दिलेला नाही. पिस्तूल दिसण्यापासून माणूस पडण्यापर्यंतचा वेळ किती ठेवायचा, हे ठरवताना संकलकाला जे स्वातंत्र्य लागते ते आधीच्या साधेपणाने कमावलेले असते.

‘सरकार’मध्ये ही शैली बदलते, पण अजून ताब्यात असते. अमित रॉय यांच्या कॅमेऱ्याने अमिताभ बच्चन यांचा चेहरा इतक्या जवळून आणि इतक्या अंधारात धरला आहे की सुभाष नागरेने बशीतून चहा प्यायला तरी तो निर्णय वाटतो. त्या पात्राला ते शोभते. पुढे मात्र ही जवळीक, हे तिरपे कोन आणि हा सततचा पार्श्वघोष प्रत्येक चित्रपटात, पात्र कोणतेही असो, येऊ लागले. 2011 मध्ये वर्मांनी ‘दोंगल मुठा’ हा तेलुगू चित्रपट हलक्या डिजिटल कॅमेऱ्यांवर आणि मूठभर माणसांच्या साहाय्याने अवघ्या पाच दिवसांत चित्रित केला. तो प्रयोग म्हणून मला आवडला होता. चित्रपट करायला फौजफाटा लागत नाही हे दाखवून देण्याची हिंमत त्यात होती. पण 2012 च्या ‘डिपार्टमेंट’मध्ये तीच पद्धत मोठ्या नटांच्या चित्रपटाला लावली गेली. कॅमेरे नटांच्या अंगाला बांधले गेले, टेबलाखाली, पेल्यामागे, पायांशी ठेवले गेले.

अशा चित्रीकरणातून संकलकाच्या टेबलावर काय येते याची कल्पना बाहेरच्या माणसाला नसते. एका प्रसंगाचे पाच-सहा कोनांतून फुटेज येते आणि ते भरपूर असते, पण त्यातला एकही कोन कोणी विचार करून निवडलेला नसतो. दिग्दर्शक चित्रीकरणाच्या वेळी जो निर्णय घेतो, की या क्षणी कोणाकडे पाहायचे आणि कोणाकडे पाहू द्यायचे नाही, तो घेतलाच गेलेला नसतो. तो संकलकाने नंतर घ्यावा अशी अपेक्षा असते. संकलक तो घेतो, पण त्याच्यापाशी निवडायला असतात ती नुसती चमत्कारिक दृश्ये. चहा पिण्याचे दृश्य जितके विचित्र, तितकेच खून करण्याचेही विचित्र. जोर द्यायचा झाला तर आवाज वाढवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. असे फुटेज मी दुसऱ्या एका दिग्दर्शकाचे कापलेले आहे. मला दोन आठवडे नेहमीपेक्षा जास्त लागले, आणि त्या वेळात मुख्यतः मी जास्तीचे कोन फेकून देत होतो.

या ठिकाणी माझ्याच म्हणण्याला एक रास्त हरकत घेता येईल. सगळे श्रेय भोवतीच्या माणसांना दिले, तर मग वर्मांचे म्हणून काय उरते? पुष्कळ उरते. खुन्याच्या न्याहारीचा प्रश्न त्यांना पडला, लेखकांना नाही. कोणी ओळखत नसलेल्या नटावर भिकूसारखी भूमिका सोपवण्याचा निर्णय त्यांचा. ‘रंगीला’ने तारका झालेल्या उर्मिला मातोंडकर यांना त्यांनीच चाळीतल्या साध्या साडीत उभे केले, तेही नाव नुकते गाजत असताना. शिवाय चांगली माणसे भोवती असूनही त्यांचे चित्रपट पडलेले आहेत. ‘डिपार्टमेंट’मध्ये आणि ‘आग’मध्ये अमिताभ बच्चनच होते. तेव्हा चांगली माणसे असणे पुरेसे नाही, असे म्हणावे लागेल. त्यांना नाही म्हणण्याची मुभा असावी लागते, आणि ती मुभा दिग्दर्शकानेच द्यायची असते. 1997 मध्ये ‘दौड’ पडल्यामुळे वर्मांना ती द्यावी लागली असेल, असा माझा तर्क आहे. दहा वर्षांनी ‘फॅक्टरी’च्या दारात उभ्या असलेल्या नवोदिताला, संधी देणाऱ्याला नाही म्हणणे कितपत शक्य होते, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता पुढच्या भागाकडे परत येऊ. पुनर्प्रदर्शनानंतर लगेचच वर्मांनी ‘सिंडिकेट’ नावाचा चित्रपट जाहीर केला. देशाच्या अस्तित्वालाच धोका ठरणारी एक भयानक संघटना, असे त्याचे वर्णन त्यांनी केले. हे वर्णन वाचल्यावर मला ‘सत्या 2’ आठवला. 1997 मध्ये एका खुन्याच्या सकाळपासून सुरुवात झाली होती. या वेळी सुरुवात देशापासून झाली आहे. घोषणा ही जाहिरात असते आणि तिच्यावरून चित्रपट जोखू नये हे मला कळते. तरीही दिग्दर्शकाला पहिल्यांदा काय दिसले हे घोषणेच्या भाषेत उतरतेच, आणि येथे माणूस दिसत नाही.

माणूस कोठे सापडेल याचे उत्तर मुंबईकर वाचकाला मी सांगायला नको. 1997 ची खंडणी दूरध्वनीवरून मागितली जात होती आणि सुपारी देऊन वसूल होत होती. आज पैसा पुनर्विकासात आहे. चाळीतल्या दीडशे बिऱ्हाडांच्या सह्या गोळा करणारा, भाडे थकले की त्यांच्याच दारात उभा राहणारा, सोसायटीच्या सभेत खुर्च्या मांडणारा आणि गरज पडल्यास त्याच खुर्च्या फेकणारा माणूस, हा आजचा भिकू आहे. तो भिकूसारखा खडकावर उभा राहून ओरडणार नाही, कारण त्याला त्याच्या साहेबाने तसे बजावलेले असेल. त्याची बायको मात्र प्यारीसारखीच त्याला घरात उभा-आडवा घेत असेल. असा चित्रपट वसई-विरार, कल्याण-डोंबिवली, पनवेल या पट्ट्यात घडेल, आणि त्याला लागणारे नट आज मराठी प्रायोगिक रंगभूमीवर काम करीत आहेत, ज्यांची नावे अंधेरीतल्या निर्मात्यांनी ऐकलेली नाहीत. हे नट वर्मांना सापडू शकतात. ती नजर माणसाला सोडून जात नाही असे मला वाटते.

अशा चित्रपटाला ‘सत्या’ हे नाव देऊ नये. नाव दिले की वितरक पहिल्या चित्रपटातल्या गाण्याचा नवा अवतार मागेल, मारामारीच्या प्रसंगात जुने पार्श्वसंगीत मागेल, आणि एखाद्या भिंतीवर भिकूच्या हार घातलेल्या फोटोचे दृश्य तर अटळच आहे. पुढच्या भागांच्या संकलनात माझे निम्मे भांडण अशा आठवणीच्या दृश्यांवरून झालेले आहे. ती चित्रपटगृहात टाळी घेतात आणि त्यानंतरची तीन मिनिटे मारून टाकतात, कारण प्रेक्षक तेवढा वेळ जुना चित्रपट आठवत बसतो. पुनर्प्रदर्शनाला मिळालेल्या प्रतिसादाचा आधार घेऊन पुढच्या भागाची मागणी होते, तेव्हाही हेच विसरले जाते. जे लोक जानेवारीत तिकीट काढून गेले ते आपल्याला पाठ असलेला चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहायला गेले होते. नवीन काही पाहण्याची तयारी त्यावरून मोजता येत नाही.

दोन तटांपैकी कोणाचे बरोबर, असे विचारले आहे. हात लावू नये असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. चित्रपटकर्त्याने आपल्या जुन्या विषयाकडे परत जाऊ नये असा नियम करण्याचा प्रेक्षकाला अधिकार नाही, आणि वाईट पुढच्या भागाने पहिला चित्रपट बिघडत नाही. ‘सत्या 2’ आल्यानंतरही ‘सत्या’ आहे तसाच राहिला आहे. करावाच असे म्हणणाऱ्यांशीही मी अर्धाच सहमत आहे, कारण ते वर्मांकडून भिकू मागत आहेत आणि भिकू परत येणे त्यांच्या हातात नाही. नवा चित्रपट जाहीर होईल तेव्हा त्याचे पोस्टर आणि वर्मांची विधाने बाजूला ठेवून तीन गोष्टी पाहाव्यात, असे मी सुचवेन: लेखनाचे श्रेय वर्मांखेरीज आणखी कोणाला आहे का, चित्रीकरण किती दिवसांचे आणि कोणत्या ऋतूतले आहे, आणि पहिल्या दहा नटांपैकी किती जणांची नावे आपल्याला अनोळखी आहेत. लेखक दुसरा असेल, चित्रीकरणात एखादा पावसाळा येत असेल आणि निम्मी नावे ठाऊक नसतील, तर मी पहिल्या दिवसाचे तिकीट काढीन.